शेजाऱ्याचा हक आणि सोसायटीचे पोटनियम

घर घेताना आपण काय काय पाहतो? पाणी किती तास येते, मशीद किती अंतरावर आहे, मुलांची शाळा पायी जाण्याजोगी आहे की रिक्षा करावी लागेल, स्वयंपाकघरात उजेड येतो की नाही. बायका कपडे वाळत घालायची जागा पाहतात, वडीलधारी माणसे लिफ्ट पाहतात. भाव ठरवताना तर आपण भाजीबाजारातल्यासारखी घासाघीस करतो. पण ज्या सोसायटीत उभे आयुष्य काढायचे, तिचे पोटनियम आधी वाचायला द्या, असे म्हणणारा माणूस आम्ही पाहिलेला नाही. आम्ही स्वतःही म्हटले नव्हते. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो, हक आणि फर्ज यांवर तास घेतो, आणि घराच्या कागदांवर सही करायची वेळ आली तेव्हा एजंटने जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे मुकाट्याने सही करायला निघालो होतो.

सहकारी संस्थेला उर्दूत 'अंजुमन इमदाद-ए-बाहमी' म्हणतात. बाहमी म्हणजे परस्परांची, इमदाद म्हणजे मदत. सोसायटी म्हटले की आपल्याला मेंटेनन्सचे बिल आणि सेक्रेटरीचा चढा आवाज आठवतो. या नावात मात्र मूळ कल्पना जशीच्या तशी उरली आहे. इंग्लंडमधील रॉशडेल गावच्या विणकरांनी १८४४ मध्ये एक छोटे किराणा दुकान काढले, तेव्हापासून सहकाराची आजची चळवळ मोजतात. तिची तत्त्वे आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये मँचेस्टरला पुन्हा शब्दबद्ध केली. त्यातले पहिलेच तत्त्व असे की, सभासदत्व ऐच्छिक आणि सर्वांना खुले असावे. त्यात वंश, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद नसावा. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याखाली नोंदलेल्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला आपले उपविधी असतात. कचेरीत उपविधी, लोकांच्या तोंडी पोटनियम किंवा बायलॉज. बहुतेक संस्था सरकारने छापलेले आदर्श उपविधीच स्वीकारतात.

सभासद होणे म्हणजे हे सारे नियम आपल्याला मान्य आहेत असा शब्द देणे. आता मुसलमानासाठी दिलेला शब्द ही साधी गोष्ट नाही. करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या आरंभालाच आहे. आणि ज्या सौद्यात माल किंवा शर्त अंधारात ठेवलेली असते त्याला फिकहात 'गरर' म्हणतात. तसा सौदा मान्य होत नाही. पोटनियम न वाचता घर घेणे हा गररच आहे, फरक इतकाच की इथे अंधार दुसऱ्या कोणी केलेला नसतो. आपणच डोळे मिटून घेतलेले असतात. पाळायचे काय हे ठाऊक नसताना 'पाळीन' म्हणणाऱ्याच्या शब्दाला काय किंमत द्यायची?

आमच्या हाती प्रत पडली ती घर विकणाऱ्याकडून. संस्थेचे उपविधी पाहण्याचा व त्यांची प्रत मागण्याचा अधिकार सभासदाला कायद्यानेच आहे. जो अजून सभासद झालेला नाही त्याने विकणाऱ्याकरवी ती मागवावी. दीडशेहून जास्त कलमे. आम्ही दोघांनी दोन रात्री बसून ती वाचली. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने वहीत टिपायचे. शासकीय मराठी ही आमच्यासारख्या उर्दूत शिकलेल्यांना जड जातेच, पण त्या दोन रात्रीत जे कळले ते बी.एड.च्या वर्षातही कळले नव्हते.

घर एका खोलीचे असो की तीन खोल्यांचे, सभासदाला मत एकच. झाडू, वॉचमन, जिन्यातला दिवा यांचा सेवाखर्चही प्रत्येक सदनिकेवर सारखाच. आमच्या एका सहकाऱ्याला हा अन्याय वाटतो. आम्हांला वाटत नाही. झाडणारी बाई जिना झाडताना कोणाच्या खोल्या मोजत नाही. घराच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी घ्यायचे असतात. आमच्या भागात 'मेंटेनन्स फक्त ३०० रुपये' ही घराची तारीफ म्हणून सांगतात. तिथे हे निधी गोळाच होत नाहीत, हे त्या तारिफेत सांगत नाहीत. पुढे गच्ची गळू लागली की जो तो सेक्रेटरीच्या नावाने खडे फोडतो.

दोन ठिकाणी आमचे वाचन थांबले. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज घेण्याची मुभा आहे. सूद नको म्हणून बँकेच्या कर्जाला हात न लावणारी, दागिने मोडून रोखीने घर घेणारी माणसे आमच्या ओळखीत आहेत. त्यांनीही हे कलम न वाचता मान्य केलेले आहे. व्याज द्यायचे नसेल तर उपाय सोपा आहे, बिल वेळेवर भरणे. पण मॅनेजिंग कमिटीवर बसून दुसऱ्याकडून हे व्याज घ्यायचे की नाही, हा प्रश्न तितका सोपा नाही. त्यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.

दुसरे ठिकाण नामनिर्देशनाचे, म्हणजे नॉमिनीचे. आपल्या समाजात बाप बहुधा थोरल्या मुलाचे नाव लिहून मोकळा होतो. बाप गेल्यावर शेअर सर्टिफिकेटवर थोरल्याचे नाव चढते आणि बहिणींना सांगितले जाते की कागद झाला, आता विषय संपला. विषय संपलेला नसतो. नॉमिनी हा संस्थेपुरता अमानतदार असतो. घर वारसांचे, आणि वारसाहक्कात मुलीचा हिस्सा शरीयतने मुकर्रर केलेला आहे. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळे प्रकरण घातले, त्यातही वारसांचे नाव लागेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद मानला आहे. म्हणजे या बाबतीत शरीयत आणि सोसायटीचा कायदा एकच गोष्ट सांगत होते, आणि आपण दोन्ही न वाचता बहिणीचा हिस्सा बुडवत होतो.

बकरी ईदचेही इथेच बोलून टाकू. जून २०२३ मध्ये मुंबईतील एका निवासी संकुलात कुर्बानी करण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा न्यायालयाने परवाना नसलेल्या जागी कुर्बानी होऊ नये अशी दक्षता घेण्यास महापालिकेला बजावले. त्यावर आपल्यात पुष्कळ रोष व्यक्त झाला. पण संकुलाच्या आवारावर शेजाऱ्याचाही तितकाच हक असतो. ज्याच्या खिडकीखाली आपण जनावर बांधणार त्याला आधी विचारावे, ही गोष्ट न्यायालयाने सांगण्याआधी आपल्याला आपल्या दीनने शिकवलेली आहे.

हे झाले लिहिलेल्या नियमांचे. न लिहिलेले नियम वेगळेच असतात.

ठाणे शहरात आम्ही वर्षभर घर शोधत होतो. एजंट फोनवर मोठ्या अदबीने बोलायचा. नाव सांगितले की थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "सर, माझं काही नाही हो, पण सोसायटी अलाऊ करत नाही." एकाने तर, "तुम्हांलाच तिथे अवघड वाटेल," असे सांगून आमचीच काळजी वाहिली. सुरुवातीला आम्ही ऐकून घेत होतो. आदर्श उपविधी वाचल्यावर लक्षात आले की 'सोसायटी अलाऊ करत नाही' असे एकही कलम त्यात नाही. उलट सभासदाला घर विकण्यासाठी संस्थेच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही, असे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. नकार दिलाच तर उपनिबंधकाकडे दाद मागता येते. महानगरपालिकेच्या हद्दीत हस्तांतरणाचे प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही, हे २००१ च्या सरकारी आदेशाने ठरवून दिलेले आहे.

वाचून हुरूप आला, आणि चार दिवसांत ओसरलाही. कारण कायदा ज्याला संरक्षण देतो तो अर्जदार आहे. घर विकत घेतल्यानंतर माणूस अर्जदार होतो. आम्हांला तर फोनवरच थांबवले जात होते. ज्याचा अर्जच नाही त्याच्या अर्जाचे तीन महिने कोण मोजणार? संविधानाचे १५ वे कलम शासनाला भेदभाव करू देत नाही, दुकाने, हॉटेले, विहिरी, तळी सर्वांना खुली ठेवते. पण घर विकणाऱ्या माणसाच्या मनाला ते हुकूम करत नाही. लिहिलेला नियम वाचता येतो, त्याविरुद्ध बोलता येते. न लिहिलेल्या नियमाला उत्तर कोणत्या पत्त्यावर पाठवायचे?

या न लिहिलेल्या नियमाची किंमत नुसत्या अपमानात मोजू नये. चांगल्या सोसायट्यांची दारे बंद झाली की माणूस जिथे सोसायटीच नाही तिथे जातो. ना नोंदणी, ना भोगवटा दाखला, ना निधी, ना सभा. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यांतला कोण कोणत्या कारणाने तिथे राहायला आला होता, ते ज्याचे त्याला ठाऊक. पण ज्या इमारतीचे पोटनियम मागता येत नाहीत ती इमारत कशी असते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

शेवटी आम्हांला घर मिळाले ते आपल्याच वस्तीत. नोंदलेली सोसायटी, कागद स्वच्छ, भाव झेपेल असा. खरेदीखत झाले. सभासदत्वाच्या अर्जाबरोबर आणखी एक कागद समोर आला. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेले हमीपत्र: हे घर पुढे विकायचे झाल्यास कमिटीच्या संमतीने आणि फक्त आपल्या जमातीच्या माणसालाच विकीन. पोटनियम वाचलेले होते म्हणूनच हा कागद त्यात कुठेही बसत नाही हे आम्हांला कळले. नाहीतर बाकीच्या सह्यांबरोबर हीही करून टाकली असती.

आम्ही चेअरमन चाचांकडे गेलो. साठी ओलांडलेले, नमाजी, हिशोबाला चोख. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. पण जानेवारी ९३ मध्ये तुम्ही पाळण्यात असाल. आम्ही चाळीतून तीन पिशव्या घेऊन निघालो होतो. शेजारी कोण आहे यावर रात्री झोप लागते की नाही हे ठरतं, हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही."

आम्ही गप्प बसलो. या बोलण्याला उत्तर नाही, आणि उत्तर देणे हा उद्धटपणाही झाला असता. १९९२-९३ नंतर मुंब्रा जसे वाढले ते हौसेने वाढलेले नाही.

"आणि," चाचा पुढे म्हणाले, "पारशांना सुप्रीम कोर्टाने परवानगी दिलीच ना? मग आपल्यालाच काय पाप लागतं?"

त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००५ मध्ये निकाल दिला की, फक्त पारशांनाच सभासद करून घेणारा पोटनियम कायद्याविरुद्ध नाही. जो स्वखुशीने संस्थेत आला त्याच्यावर तो बंधनकारक आहे, कारण संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सोबती निवडणेही येते. तो खटला गुजरातच्या कायद्याखालचा आणि नोंदलेल्या पोटनियमाचा होता. आमच्यापुढचा कागद पोटनियम नव्हता, कोणत्याही सभेने मंजूर करून नोंदवलेला नव्हता. पण हा वकिली फरक झाला. चाचांचा प्रश्न पापाचा होता, आणि त्याचे उत्तर आपल्याच फिकहात शोधायला हवे होते.

शेजारी कोण यावा याचा विचार आपल्या फिकहाने केलेला आहे. त्याला शुफा म्हणतात. एखाद्याने जमीन किंवा घर विकायला काढले तर हनफी मजहबात तिघांना ते आधी घेण्याचा हक पोहोचतो: मालकीतला भागीदार, रस्ता-पाणी यांत भागीदार असलेला, आणि लागून राहणारा शेजारी. शाफई मजहबात हा हक फक्त मालकीतल्या भागीदाराला आहे, शेजाऱ्याला नाही. आमच्या कोकणी वाचकांनी याची नोंद घ्यावी. शेजाऱ्याचा हा हक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात घटनाबाह्य ठरवला, भागीदाराचा कायम ठेवला. म्हणजे परक्याला दूर ठेवण्याचा शेजाऱ्याचा हक १९६२ मध्ये गेला आणि २००५ मध्ये सोसायटीच्या दाराने एका परीने परत आला. असो.

आम्हांला महत्त्वाच्या वाटल्या त्या शुफाच्या दोन अटी. पहिली, शेजाऱ्याला परका नको असेल तर त्याने तोच भाव, पुरता भाव, स्वतः मोजायचा. नुसते 'याला विकू नकोस' म्हणण्याचा हक त्याला नाही. विकणाऱ्याचे एका पैशाचेही नुकसान त्यात होत नाही. दुसरी, हनफी फिकहात या हकात शेजारी मुसलमान आहे की नाही याने काही बिघडत नाही. दोघांचा हक सारखा. आमच्यापुढच्या हमीपत्रात या दोन्ही गोष्टी उलट्या होत्या. तिथे कमिटी एक पैसाही मोजणार नव्हती, आणि उद्या एखाद्या बेवेला मुलीच्या लग्नासाठी किंवा इलाजासाठी घर विकावे लागले तर चार लाख कमी घेऊन ते तिने विकायचे, म्हणजे इतरांना निवांत झोप लागेल. भीती सगळ्यांची आणि किंमत एकट्या गरजवंताने मोजायची, हा कुठला इन्साफ?

मग जमातीचा प्रश्न. ठाण्याच्या त्या एजंटला आम्ही मनातल्या मनात जी उत्तरे वर्षभर देत होतो, ती सगळी या कागदावर सही करताक्षणी खोटी ठरणार होती. त्या सोसायट्यांनाही भीतीच वाटत असेल. त्यांच्या भीतीला आम्ही तअस्सुब म्हणतो, आपल्या भीतीला अनुभव म्हणतो. चाचांची भीती खरी आहे यात शंका नाही. त्यांनी ती भोगलेली आहे आणि तिची तुलना डाळ-भाताच्या वासाच्या तक्रारीशी होणार नाही. जो बाहेर हाकलला गेला त्याने दार लावून घेणे आणि जो आत बसला आहे त्याने लावणे, यांत फरक आहे, हे आम्हांला कबूल आहे. पण सही आमच्याकडून मागितली जात होती, आणि आम्हांला तीन पिशव्या घेऊन कोणी काढलेले नव्हते. चाचांची जखम आम्ही आमच्या नावाने कशी वापरणार?

"सही करून टाका," असा सल्ला स्टाफरूममध्ये पुष्कळांनी दिला. "कोण पाळतंय? कोर्टात टिकणारही नाही." हा सल्ला आम्हांला सर्वांत वाईट वाटला. पाळायचे नाही हे ठरवून दिलेला शब्द चाचांसारख्या माणसाला द्यायचा, ज्याने आयुष्यभर पाई-पाईचा हिशोब ठेवला? त्यापेक्षा नाही म्हणणे बरे.

आम्ही हमीपत्रावर सही केली नाही. त्याऐवजी साध्या कागदावर आमच्या हाताने लिहिले: घर विकायचे ठरले तर इमारतीच्या फळ्यावर तीस दिवस आधी तशी सूचना लावू, बाहेरचा माणूस जो भाव देईल तोच भाव देणाऱ्या इमारतीतल्या कोणाही सभासदाला पहिला हक राहील, कोणी न घेतल्यास ज्याला विकायचे त्याला विकू. खाली सही केली आणि सभासदत्वाच्या अर्जाला जोडून दिले. चाचांनी चष्मा लावून दोनदा वाचले. "हे तुम्हीच बनवलंत?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, फार जुने आहे, आम्ही फक्त मराठीत लिहिले. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "कमिटीपुढे ठेवतो," म्हणाले, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का मारून तारीख घातली.

अजून उत्तर आलेले नाही. तीन महिने पुरे व्हायला एकोणीस दिवस उरले आहेत. परवा जिन्यात चाचा भेटले. पाण्याची टाकी साफ करून घ्यायची आहे, घरटी २०० रुपये काढायचे ठरले आहे, असे त्यांनी सांगितले. आम्ही लगेच दिले. संध्याकाळी वॉचमनच्या हाती पावती आली; तिच्यावर नावापुढे 'सभासद' लिहिण्याची जागा त्यांनी कोरी सोडली होती.